पात्याखालचा हात

या घटनेतलं मशीन आजही सानपाड्यात आहे. कुणाला पाहायचं असेल, तर मी जिन्याखालची खोली दाखवू शकतो.

आत मात्र मी येणार नाही.

तारीख १९ नोव्हेंबर २०२३, रविवार. दुपारी दोन वाजून वीस मिनिटं. वर्ल्ड कपची फायनल नुकतीच सुरू झाली होती, म्हणून ती वेळ सगळ्यांच्या लक्षात आहे.

पण आधी एक वर्ष मागे जायला हवं.

सुधीर माझा मावसभाऊ. सोसायटीचा सेक्रेटरी. घरी बायको सुनीती आणि बारावीतली मुलगी ईश्वरी. माणूस शिस्तीचा, रजिस्टर नीट ठेवणारा. चूक कबूल करणं मात्र त्याला कधी जमलं नाही.

सोसायटीच्या लॉनवर पेट्रोलचं गवत कापायचं मशीन होतं. ते घणसोली गावातले देवजी चालवायचे. दिवाळीनंतर गवत वाळलं की मशीन पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंद व्हायचं, आणि ते बंद करायची देवजींची ठरलेली रीत होती.

आधी टाकीतलं पेट्रोल काढायचं. मग इंजिन चालू करून तसंच सोडायचं. नळीत, कार्बोरेटरमध्ये उरलेला थेंबन् थेंब जळून ते आपोआप थांबलं पाहिजे. मग ठिणगी देणाऱ्या प्लगची वायर काढून बाजूला बांधायची. वायर काढल्याशिवाय पात्याला हात नाही. मशीन विटांवर चढवून पात्याखालचं सुकलेलं गवत ते जुन्या उलथण्याने खरवडायचे. शेवटी प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल सोडायचं आणि इंजिन सुरू करायची दोरी दोनदा सावकाश ओढायची.

३० ऑक्टोबर २०२२ ला सुधीर तिथे उभा होता. त्याला जेवायला जायची घाई होती, आणि इंजिन काही थांबत नव्हतं. त्याने स्विच दाबून बंद केलं.

देवजी नाराज झाले. "त्याला त्याच्या मरनान मरू द्या, सायेब. आपून गला नाय दाबाचा."

सुधीर हसला. म्हणाला, मशीन आहे देवजी, म्हातारी नाही.

देवजींनी वायर काढली, मशीन विटांवर चढवलं आणि पलीकडे बसून खरवडायला घेतलं. सुधीरला तेवढ्यात आठवलं, कमिटीच्या ग्रुपवर मशीन चालू असल्याचा व्हिडिओ टाकायचा राहिलाय. एका हातात मोबाइल. दुसऱ्या हाताने त्याने वायर परत लावली.

आणि दोरी ओढली.

टाकी रिकामी होती. पण कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल उरलं होतं, त्यानेच मध्ये बंद केल्यामुळे. हात सोडला की इंजिन थांबवणारी हँडलवरची सुरक्षेची दांडी तर कधीचीच सुतळीने बांधून टाकलेली.

पातं चार-पाच सेकंद फिरलं असेल.

देवजींच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला.

त्याच संध्याकाळी सुधीरने रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात नोंद केली.

'देवजी यांनी प्लगची वायर न काढता पात्याखाली हात घातला. चूक त्यांची स्वतःची.'

देवजी सगळ्यांना सांगत राहिले, वायर मी काढली होती. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आणि रजिस्टरवर विश्वास ठेवला.

पुढच्या मे महिन्यात देवजींची बायको पुतळा सोसायटीत आली. जखम भरत नव्हती, साखर वाढली होती, म्हातारा अंथरुणाला लागला होता. सुधीरला वाटलं, पैसे मागायला आली.

"मना पैसं नको, सायेब," ती म्हणाली. "तुमचे बुकातला त्याचा नाव काढा. पन्नास वरसं मशिनीव हात हाय त्याचा. ह्या डाग घेऊन मरू नये त्यानं, एवराच."

सुधीर म्हणाला, मीटिंगमध्ये विषय ठेवतो.

ठेवला नाही.

जूनमध्ये देवजी गेले.

पावसाळ्यात एका एजन्सीचा माणूस गवत कापायला येऊ लागला. ऑक्टोबरमध्ये त्याने अचानक काम सोडलं. सुधीरने कारण विचारलं. तो म्हणाला, मशीन बंद करून खोलीत ठेवलं, तरी खालून कुणीतरी खरवडतं.

सुधीरने त्याला वेड्यात काढलं आणि भर दुपारी स्वतः खोली उघडली.

आत कुणी नव्हतं. खिडकी नसलेल्या त्या खोलीत ताज्या कापलेल्या गवताचा वास भरला होता.

मग…

खर्र… खर्र… खर्र…

पत्र्यावर उलथणं घासल्यासारखं. सावकाश. मन लावून.

सुधीरने वाकून पाहिलं. आवाज थांबला. टाकीवरच्या धुळीत एक ठसा होता. तळहात स्पष्ट होता. अंगठा स्पष्ट होता.

बोटं नव्हती.

सुधीर वर गेला आणि दार लावून रजिस्टर काढलं. नोंदीवर व्हाइटनर फिरवला. पूर्ण नोंदीवर नाही. फक्त 'देवजी' एवढ्या शब्दावर. दोरी कुणी ओढली, हे त्या जागी लिहायला त्याने पेनही उघडलं होतं…

पुन्हा टोपण लावलं.

आता वाक्य असं होतं: रिकामी जागा, आणि पुढे 'यांनी प्लगची वायर न काढता पात्याखाली हात घातला.'

खरवडणं बंद झालं. सुधीर निर्धास्त झाला.

१९ नोव्हेंबरला मशीन बंद करायचं काम त्याने स्वतः घेतलं. दोनच्या सुमारास आवार रिकामं झालं. घराघरांतून मॅचचा आवाज येत होता.

या वेळी त्याने काहीच चुकवलं नाही. टाकी रिकामी केली. इंजिन चालू करून सोडलं, त्याला हातही लावला नाही. ते धापा टाकत, अडखळत आपोआप थांबलं. त्याने वायर काढून बांधली. खालचं गवत खरवडलं. प्लग काढून शेजारच्या वर्तमानपत्रावर ठेवला. भोकात चमचाभर ऑइल सोडलं.

दोरी एकदा ओढली. सावकाश. काही झालं नाही.

तेवढ्यात सुनीती त्याला बोलवायला खाली आली. अहो, विकेट पडली, चला वर, असं काहीतरी ती म्हणाली. बोलता बोलता तिच्या हातातली घराची किल्ली सुटली आणि घरंगळत मशीनखाली गेली. ती पलीकडच्या बाजूने वाकली. सुधीरला ती वाकलेली दिसली नाही.

त्याने दुसऱ्यांदा दोरी ओढली.

इंजिन सुरू झालं.

टाकीत थेंब नव्हता. प्लग वर्तमानपत्रावर होता. आणि पातं पूर्ण वेगाने फिरत होतं.

सुनीतीची किंकाळी कुणाला वेगळी ऐकू आली नाही. त्याच क्षणी सगळ्या घरांतून मॅचचा आरडाओरडा उठला होता.

उजवा हात. चार बोटं.

सुधीरच्या हाकांनी लोक धावत आले, तेव्हा प्लग जागेवर घट्ट बसलेला होता. त्यावर वायर लावलेली होती. वर्तमानपत्रावर ऑइलचा गोल डाग तेवढा होता.

सुधीर एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "वायर मी काढली होती."

लोकांनी मान डोलावली.

दोन दिवसांनी नोंद करण्यासाठी त्याने रजिस्टर उघडलं. नोंद करायची गरजच नव्हती. व्हाइटनरच्या पांढऱ्या पट्ट्यावर, सुधीरच्याच सुवाच्य अक्षरात, एक शब्द लिहिलेला होता.

सुनीती.

ती घरी आल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. वर्षभरापूर्वीची दोरीसुद्धा. हे मला तिनेच सांगितलं. सुधीर रडत होता आणि व्हाइटनरची बाटली उघडत होता. तुझं नाव आत्ता पुसतो, म्हणत होता.

सुनीतीने डाव्या हाताने बाटली काढून घेतली. थोडा वेळ त्याच्या खिशातल्या पेनकडे पाहत राहिली. सुधीरचा हात खिशाकडे गेला नाही.

"राहू द्या माझंच नाव," ती म्हणाली. "जागा रिकामी ठेवू नका. घरात ईश्वरी आहे."

त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलते.

मशीन भंगारात द्यायला दोनदा माणूस बोलावला. दोन्ही वेळा तो खोलीच्या दारातून परत गेला. त्याचं कारण मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मी ते रजिस्टर पाहिलं. आजूबाजूच्या जुन्या नोंदी ठसठशीत आहेत. पांढऱ्या पट्ट्यावरचं ते एक नाव मात्र फिकं पडत चाललंय. मी सुधीरला पुन्हा सांगून पाहिलं, तुझं नाव लिही, अजून वेळ आहे. तो म्हणाला, बघतो.

निघताना मी जिन्याखालून गेलो. दुपारची वेळ होती. खोलीला कुलूप होतं.

आतून ताज्या गवताचा वास येत होता…