बारावा ठोका

या, बसा. चहात साखरच आहे, मीठ नाही, शपथ! नवापूरकडे माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून आधीच सांगतो, ही थाप नाही.

आमच्या गावातल्या स्टीफनचं लग्न होतं. नवरी नाल्यापलीकडची. दुपारी वरात लोखंडी पुलावरून नाचत जाणार. माझी नात प्रिस्किला सुरतेला इंजिनियरिंग शिकते. तिने कॉलेजसाठी तो पूल मापून कॉम्प्युटरात उभा केला होता. त्यावर साठ माणसांचं वजन टाकलं. पूल हिरवाच.

"लाल झाला तर धोका, आजा. हा पक्का आहे."

"माणसं उभी केलीस होय? आपल्या लग्नात उभं कोण राहतं? सगळे हात धरून एकाच पावलाने नाचतात!"

ती थबकली. "मग बदलतं वजन द्यावं लागेल. कोणत्या क्षणाला किती, ते ओळीने."

मी तिसरी नापास, पण ठोके येतात. माझा जोडीदार दलपत ढोल वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचाच ठेका टेबलावर वाजवला. अकरा ठोके. बारावा, दलपतचा खास, मुद्दाम गिळला. पोरीची गंमत! तिने अकरा ओळी भरल्या, तोच ठेका फिरवत ठेवला. पडद्यावर पूल हलू लागला, झोके वाढले, मधला सांधा लालभडक.

"आजा... तुटतोय..."

धावलो. बॅण्डवाला अनीस पुलाच्या तोंडाशीच.

"बाबा, काय करी ऱ्हायनात? वरात शे ही!"

"बंद कर! पुलावर जो नाचेल, त्याला सासू जन्मभर घरजावई ठेवेल!"

वरात हसली, पण एकेक करून गुपचूप पलीकडे गेली. शेवटी मी.

मागे पूल रिकामा. वारा नाही, वाजंत्री नाही... आणि तो डोलू लागला. धिम्... धिम्... ढोल शेकताना येतो तसा तापवलेल्या चामड्याचा वास आला. मी मोजत होतो. अकरा...

बाराव्याला मधला सांधा तुटून नाल्यात पडला.

मी टोपी काढली, हात जोडले. साठ जीव वाचले, दलपत गड्या!

संध्याकाळी प्रिस्किलाने कॉम्प्युटरात ठोक्यांच्या ओळींचा तो तक्ता उघडला. बारा ओळी.

"आजा, ही मी नाही भरली. बाकीच्यांत हजारो किलो, हिच्यात बावन्न. कोणाचं वजन हे?"

 दवाखान्यात शेवटचं वजनकाट्यावर दलपतला मीच उचलून उभं केलं होतं. बावन्न.

तेव्हापासून एक कप जास्त भरतो. तुमच्या शेजारचा तो. हात लावू नका. रोज रिकामा होतो... आणि ती खोडी माझी नाही.