चौथा डोस

मनू आली होती आबांच्या खोकल्याचं औषध न्यायला, आणि उभी राहिली ती लालासाहेबाचं आख्खं वर्ष वाचत.

थांबा गं, नीट सांगते. त्रेचाळीस सालची गोष्ट. लोणंदचा लालासाहेब साताऱ्यात एका डॉक्टरांकडे कंपाउंडरकी शिकायला राहिला होता. वर्षभर शिकायचं, मग चैत्रात पुण्याला जाऊन परीक्षा द्यायची. बापानं निघतानाच बजावलेलं, "एकदाच बसायचं. नापास झालास तर सरळ कांद्याच्या अडतीवर." आणि लालासाहेबाला कांद्याचा ट्रक लांबून दिसला तरी डोळ्यांना धार लागायची. म्हणून त्यानं एका लांबलचक कागदावर वर्षाचा बेत आखला. महिन्याला एक उभा रकाना. पहाटे चारला उठणं, मग वजनमापं, मग डॉक्टरी लॅटिन, मग विषारी औषधं... आणि तो कागद औषधाच्या खिडकीशेजारी टाचणीनं लावला.

तर त्या खिडकीतून एक रिकामी बाटली आत आली. पाठोपाठ बांगड्यांचा हात. आणि हातापाठोपाठ दोन डोळे — ते थेट कागदावर.

"आवं, ह्यात जेवान कुठं हाय?"

"आं?"

"पहाटे चार ते रात्री धा सगळं लिवलंय. जेवायचं तेवढं न्हाई लिवलं. वरीसभर उपाशी ऱ्हानार व्हय?"

लालासाहेबानं पाहिलं. खरंच नव्हतं. पेपरमिंटचा अर्क मापात पडायच्या ऐवजी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, आणि ती हसली... झालं. तिथंच वजनमापं संपली त्याची.

मनू म्हणजे रिटायर झालेल्या सुभेदार आकारामांची एकुलती लेक. खोकला सुभेदारांचा, पण दर दोन दिवसांनी बाटली घेऊन यायची ही. येईल तेव्हा बेतात एक खोट काढायची. "आयतवार कुठं गेला?" "दसऱ्यालाबी इखारी औषधंच का?" की हा लगेच रबर घेऊन खोडणार. अशानं पावसाळा सरला, थंडी आली, अजिंक्यताऱ्यावर सकाळचं धुकं बसायला लागलं, तरी लॅटिन आपलं श्रावणातच अडकलेलं. पण त्याच कागदावर, मार्गशीर्षाच्या रकान्याच्या समासात, लालासाहेब बारीक अक्षरात काहीबाही लिहून ठेवायचा. खिडकीतून कुणाला वाचता येणार नाही, एवढं बारीक.

आता ऐका. लढाईचे दिवस, कागद मिळेना. आणि बाटलीवर डोसाची पट्टी तर लागतेच — खाचा पाडलेली असते ना, एक खाच एक डोस, ती. एका सकाळी लालासाहेब पोस्टात गेलेला. म्हाताऱ्या कंपाउंडरनं, धुळाअण्णांनी, तो कागद पाहिला. पाठीमागून कसा कोरा करकरीत. घेतली कात्री.

लालासाहेब परत आला तर भिंतीवर नुसत्या टाचण्या.

"अण्णा, माझा बेत?"

"त्यो कागद व्हय? लय झ्याक पट्ट्या पडल्या. कोरी बाजू भाईर, लिवलेली काचंला. मार्गशीर्ष आत्ताच सुभेदारांच्या बाटलीवर गेला."

लालासाहेब खिडकीकडे धावला, पण बाटली गेलेली. औषध लालभडक, दाट. बाटली भरलेली असेल तोवर काही दिसायचं नाही. पण एक डोस पोटात गेला की तेवढी काच मोकळी, आणि पलीकडची तेवढी ओळ...

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मनू आली. हातात बाटली नव्हती.

"आबांनी तीन डोस घेतलं."

"खोकला... कसा हाय?"

"खोकल्याचं कुनाला पडलंय? वाचत बसल्यात." तिनं आवाज खाली आणला. "पयल्या डोसाला दिसलं, 'मनू आली की अभ्यास व्हत न्हाई.' दुसऱ्याला, 'न्हाई आली तर मुळीच व्हत न्हाई.' तिसरा तर त्यांनी वेळंआधीच घेतला. 'पास झालो की सुभेदारांकडं मागनार हाय.' फुडं काय हाय? काय मागनार?"

लालासाहेबानं उगाच रबर हातात घेतलं.

"आवं बोला की. परवा सांगलीचं हळदवालं मला बघाय येत्यात. आबा व्हय म्हनायच्या बेतात हायती. आज न्हाई बोललासा तर मग माझ्या लग्नात पंगतीला या."

"मी... म्हंजी तसं..."

तेवढ्यात दारात घसा खाकरल्याचा आवाज आला. सुभेदार. हातात रिकामी बाटली.

"चौथा घेतला मी," म्हणाले, आणि बाटली उजेडात धरून वाचायला लागले. "'मनूला. न्हाई म्हनाले तर जनमभर कांदं निवडीन.'"

धुळाअण्णा हळूच खल-बत्ता उचलून आतल्या खोलीत गेले.

"वरीसभराचं समदं आखलंस," सुभेदार म्हणाले. "हिला इचारायचं कंच्या म्हैन्यात ठेवलंवतंस?"

"ते... ऱ्हायलं."

"मग आता इचार. मी हितं हाय असं समजू नगंस."

नाही असं समजणार कसं? सहा फूट उंच माणूस, मिशा ह्या एवढ्या. लालासाहेबानं हात पुसले. पुन्हा पुसले.

"मनू... पास व्हईन का न्हाई, ठावं न्हाई. आता बेतबी न्हाई ऱ्हायला. पर तुमी... माझ्या घरी याल का?"

मनूची मान खाली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"आबा," ती म्हणाली, "सांगलीला तार करा. येऊ नगा म्हनावं."

सुभेदारांनी एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा ह्याच्याकडं. "पाच मिन्टं," म्हणाले, आणि बाहेर पायरीवर पाठ करून ताठ उभे राहिले.

मनूनं खिडकीच्या फळीवर हात ठेवला. लालासाहेबानं भीत भीत आपला त्यावर ठेवला — पेपरमिंटचा वास येणारा, गारढोण हात. तिनं काढून घेतला नाही...

"झाली पाच," बाहेरून आवाज आला. "आता लॅटिन काढ. मी रोज येऊन ऐकनार. मला त्यातलं काय कळत न्हाई, पर मानूस अडखाळला की कळतंय."