दरेवाडीत एक बाई राहते

पटलं तर वाचा, नाही तर पुढं चला. पण "ताई, कशाला थापा मारता" असं खाली लिहू नका. जिच्या बाबतीत हे घडलं ती माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. तिला मी या हातांनी न्हाऊ घातलंय.

नाव भार्गवी. वय अठ्ठावीस. बंगळूरला चामराजपेटेत आईबरोबर राहते. आई म्हणजे माझी बहीण हेमलता. आमची घरं इथं पिढ्यान्‌पिढ्यांची. मराठी आता स्वयंपाकघरापुरती उरली. पण त्याच मराठीवर भार्गवीला नोकरी लागली.

हेब्बाळला एक कंपनी आहे. नाव सांगत नाही, मला कोर्टाची पायरी चढायची नाही. सीमेकडच्या एका जिल्ह्याचं सरकारी पुस्तक करायचं काम त्यांनी घेतलं होतं. डोंगर कुठले, ओढे कुठले, गाव कोणी वसवलं, आज तिथं कोण राहतं. गावागणिक दहा ओळी. सहाशे गावं. आणि लिहिणाऱ्यांपैकी एकानंही तो जिल्हा डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. एसीत बसून फोनवर जिल्हा लिहायचा, असा सगळा कारभार.

ज्या गावात कोणीच राहत नाही त्याच्यापुढं एक जुना शब्द लिहायचा...

बेचिराग.

म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव.

गेल्या वर्षीचा मार्गशीर्ष. सोमवारी दुपारी भार्गवीच्या यादीत दरेवाडी आलं. गावाचं नाव मी बदललंय. पुढं एकच फोन नंबर होता. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कोण? बंगळूरची व्हय? बोल की, लेकी."

म्हातारीचं नाव सोयराबाई. तिनं सगळं सांगितलं. गाव डोंगराच्या कुशीत. कुंभारांनी वसवलेलं. धरणाचं पाणी आलं, रस्ता बुडाला. मग एकेक घर उठलं. कोणी वीटभट्टीवर गेलं, कोणी साखर कारखान्यावर.

"मग आता कोण राहतं, आजी?"

"मी हाय न्हवं का. रोज देवळात दिवा लावते. माझा धनी अन् दोन लेकरं हितल्याच मातीत हाईत. डोंगरावर खाणवाल्याचा डोळा हाय. गाव बेचिराग लिवलं की तो आलाच म्हणून समज. तेवढं लिवू नगंस."

"नाही लिहिणार."

"अन् दिवेलागणीला फोन करू नगंस. मी देवळात असते."

भार्गवी हो म्हणाली. एकोणीस मिनिटं बोलणं झालं होतं. पोरीचं मन भरून आलं होतं. घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं.

आता कंपनीची अक्कल बघा. गावात माणूस राहतं याची खात्री मशिनच्या, आपोआप लागणाऱ्या फोननंच करायची. आणि मशिन फोन करणार संध्याकाळी साडेसहाला, कारण दिवसा माणसं शेतात असतात. तीन दिवस कोणी उचलला नाही की गाव बेचिराग. शहरातल्या शहाण्यांनी ठरवलेला नियम. साडेसहाला खेड्यातली बाई कुठं असते, हे त्यांना कोण सांगणार?

मंगळवारी कोणी उचलला नाही.

बुधवारी नाही.

गुरुवारीही रिंग वाजून वाजून थांबली...

भार्गवी तिच्या साहेबाकडं गेली. प्रणीत नाव. पुण्याचा. माणूस वाईट नाही, पण घाई त्याच्या अंगात भिनलेली.

"अगं, उद्या सबमिशन आहे. रूल इज रूल."

"पण मी स्वतः बोललेय त्यांच्याशी. दुपारी. रेकॉर्डिंग आहे."

"मग प्रॉब्लेम काय? लाव."

तिनं लावलं.

एकोणीस मिनिटांचं रेकॉर्डिंग...

भार्गवीचा आवाज स्वच्छ होता. "कोण राहतं, आजी?" मग शांतता. मग पुन्हा भार्गवी. "नाही लिहिणार." पुन्हा शांतता.

म्हातारीचा एक शब्द नव्हता.

"तांत्रिक बिघाड असेल," प्रणीत म्हणाला. "पण हे मी पुरावा म्हणून कसं दाखवू?"

इथं मी माझ्या भाचीची बाजू घेणार नाही. यादीत शेजारच्या गावापुढं तिथल्या शाळेतल्या हणमंतराव गुरुजींचा नंबर होता. एक फोन करायचा होता. पण दोन वर्षं ती सहा-सहा महिन्यांच्या करारावर राबत होती आणि हे काम वेळेत झालं तर कायम होणार होती. गुरुजींनी काही वेगळं सांगितलं असतं तर अख्खं काम अडलं असतं. तिनं फोन केला नाही.

तिनं लिहिलं... बेचिराग.

त्यानंतर काय काय झालं ते मी सांगते.

शुक्रवारी संध्याकाळी हेमलतानं देवापुढं निरांजन लावलं.

विझलं.

पुन्हा लावलं. पुन्हा विझलं. खिडक्या बंद, पंखा बंद. तेल नवं, वात नवी. गॅस पेटत होता, काडी पेटत होती. देवापुढचं निरांजन तेवढं टिकत नव्हतं.

शनिवारी तेच. रविवारी मला बोलावलं. मी मल्लेश्वरमहून रिक्षा करून गेले, मनात म्हटलं, अक्काचं नेहमीचंच काहीतरी. वात मी स्वतः वळली, स्वतः लावली. ज्योत सरळ उभी राहिली, आणि कोणीतरी चिमटीत धरून दाबावी तशी गेली.

मग आवाज आला...

सर्र... सर्र...

मागच्या खोलीत कोणीतरी झाडत होतं. घरात आम्ही तिघीच होतो आणि तिघीही देवापुढं उभ्या होतो. त्या खोलीत फरशी आहे, पण आवाज मातीच्या जमिनीवरचा होता. आमची आजी अंगण झाडायची, तो आवाज मी ओळखते.

दार उघडलं. कोणी नव्हतं.

"मावशी, मी पाप केलंय," भार्गवी म्हणाली, आणि तिनं सगळं सांगितलं. आधी मी तिला चार शब्द सुनावले. मग गुरुजींना फोन लावायला लावला, स्पीकरवर.

भार्गवीनं सोयराबाईंबद्दल विचारलं.

गुरुजी म्हणाले, "सोयराबाई जाऊन दोन वर्षं झाली, ताई. तिचा फोन माझ्या कपाटात आहे. बॅटरी काढून ठेवलीय."

हेमलतानं माझा हात घट्ट धरला.

"पण दिवा रोज लागत होता," गुरुजी म्हणाले. "पाण्यापलीकडून आमच्या शाळेतून दिसायचा. ती गेल्यावरही. आम्ही कुणी बघायला गेलो नाही, कुणाशी बोललो नाही. जळतोय तर जळू दे म्हटलं."

"आणि आता?"

"गुरुवारी शेवटचा दिसला. शुक्रवारपासून नाही. काल खाणवाल्याची माणसं दोऱ्या घेऊन डोंगर मोजून गेली."

मेलेल्या बाईनं दोन वर्षं गाव जागतं ठेवलं. आणि आमच्या जित्याजागत्या पोरीनं एका शब्दात ते विझवलं. त्या रात्री आमच्या घरी कोणी जेवलं नाही.

सोमवारी भार्गवीनं प्रणीतचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तो म्हणाला, "दुरुस्ती होऊ शकते. पण गावात राहणाऱ्या एका जिवंत माणसाचं नाव लागेल. कॉल मशिनवर कन्फर्म व्हायला हवा. आज शेवटचा चान्स."

साडेसहाला भार्गवीनं मशिनला तोच नंबर दिला. बॅटरी काढलेला, कपाटातला फोन.

एक रिंग...

दोन...

उचलला गेला.

पलीकडं श्वास होता. बाकी काही नाही.

"आजी, माझं चुकलं," भार्गवी म्हणाली. "नाव सांगा. मी लिहिते."

"माझं कसं लिवशील?" आवाज अगदी जवळून आला. रागाचा नव्हता, थकलेला होता. "जित्या माणसाचं नाव पायजे न्हवं का?"

"हो."

"मग सांग की, लेकी. कोण राहणार हितं?"

भार्गवी सांगते, त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, लाज वाटली. तिनं मशिनवर नाव सांगितलं...

स्वतःचं.

मशिननं हिरवी खूण दाखवली. त्याला काय, आवाज ऐकला की झालं. प्रणीतनं नाव वाचलंसुद्धा नाही, सही करून पुढं पाठवलं.

त्या संध्याकाळपासून हेमलताच्या घरचं निरांजन नीट तेवतं. गुरुजींचा फोन आला, दरेवाडीत दिवा दिसतोय. खाणवाल्याचा अर्जही परत आला, कारण गावात वस्ती आहे.

सगळं छान झालं म्हणाल. थांबा जरा.

रोज साडेसहाला भार्गवी असेल तिथं बसते. डोळे उघडे. हाक मारा, हलवा, उत्तर नाही. वीस मिनिटांनी उठते आणि पाणी मागते. कुठं होतीस विचारलं तर म्हणते, "इथंच." पण तिच्या बोटांना दिव्यातल्या कडू तेलाचा वास असतो आणि पायांना तांबडी माती. जागची न हललेल्या पोरीच्या पायांना माती कुठून आली?

डॉक्टर झाले. चामुंडीचा नवस झाला. गेल्या आठवड्यात गुरुजींचा पुन्हा फोन आला. ते होडीनं पलीकडं गेले होते. देऊळ झाडलेलं होतं. लांबून त्यांना एक बाई दिसली, म्हातारी नव्हे, तरणी. पंजाबी ड्रेस घातलेली, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी.

पुस्तक छापून आलंय. मी पाहिलं. दरेवाडी. घरं एक. लोकसंख्या एक. स्त्री.

परवा हेमलतानं पोरीला समोर बसवलं.

"तुझं नाव तिथून काढायचं तर काय करावं लागेल?"

"गाव परत बेचिराग लिहावं लागेल," भार्गवी म्हणाली.

"मग लिही. माझ्यासाठी लिही गं."

भार्गवीनं आईकडं पाहिलं. इतकं शांत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"न्हाई लिवायची," ती म्हणाली.

आमच्या घरात असं कोणी बोलत नाही.