बद्रीनाथची राखण

"मामा, एक सर्व्हर, एक डेटाबेस. त्याला तीन माणसं कशाला भरली असतील?" तानाजीने विचारलं. "आमच्या कॉलेजचं अख्खं कॉम्प्युटर सेंटर एकटा माणूस चालवायचा."

"तो जित्ता हाय का?" त्रिंबकमामांनी विचारलं.

तानाजी हसला. मोहिनीही हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी शेकोटीत तुराटी सरकवली.

पौषातली थंडी होती. बीडच्या बायपासलगतच्या त्या दवाखान्यामागे, जनरेटरच्या शेडपाशी तिघं शेकत बसले होते. तानाजी आणि मोहिनी त्याच आठवड्यात सर्व्हर सांभाळायला रुजू झालेले. तिसरी, सुकन्या, आत रात्रपाळीला. मामा दवाखान्याची जीप चालवत. नव्या पोरांनी हे ऐकायलाच हवं, असं त्यांच्या मनात असावं. त्यांनी आवाज खाली घेतला आणि मागच्याच महिन्यात राधाकिशनसाहेबांवर गुदरलेली गोष्ट सांगायला घेतली.

*

राधाकिशनसाहेब इथले प्रशासन अधिकारी. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला आवाज खाली पोचवायचा आणि खालून आलेला फायलीत ठेवायचा, एवढंच त्यांना येत होतं.

सर्व्हरच्या खोलीत तेव्हा एकटा बद्रीनाथ असायचा. धनगराचं पोर. चौसाळ्याच्या अंगाला मेंढरांमागे वाढलेलं, शिकून इंजिनिअर झालेलं. कुणाला कोणतं औषध चालत नाही, कुणाचा रक्तगट काय, रक्तपेढीत किती पिशव्या उरल्यात, सगळं त्या खोलीतल्या यंत्रावर. ते बंद पडलं की दवाखाना आंधळा. बद्रीनाथने ते कधी बंद पडू दिलं नाही, आणि तिथंच त्याचं चुकलं. दुसरा माणूस द्या म्हणून तो दर बैठकीत सांगायचा आणि चेअरमन म्हणायचे, "अरे, सगळं चालतंय ना? मग दुसरा कशाला?"

सगळं चालतंय म्हणजे कुणीतरी स्वतःला झिजवून ते चालवतंय, हे कळायला कोणती पदवी लागते?

त्या खोलीत एसीचा गारवा मरणाचा. बद्रीनाथ घरची काळी घोंगडी पांघरून बसायचा. घोंगडीच्या एका कोपऱ्याला ठिणगीनं पडलेलं भोक होतं. नर्सेस त्याला चिडवायच्या, "काय बद्रीभाऊ, मेंढरं मोजली का?" तोही म्हणायचा, "मोजली. एक कमी हाय. तुमीच या आत."

गेल्याच्या गेल्या येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या, रात्री त्याने साहेबांना फोन केला. सगळा मुलूख शेतात आंबील पिऊन, भज्जी खाऊन झोपला होता. "साहेब, छातीत लई दुखतंय. एक डिस्क गेली, दुसरी जायच्या बेतात हाय. मला उठता येत न्हाई. कुणीतरी पाठवा बदलीला."

"सकाळी बघू," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, दुसऱ्या माणसासाठी पोरगं नाटक करतंय.

सकाळी बद्रीनाथ खुर्चीत होता. घोंगडी अंगावर, हात कीबोर्डवर, अंग गार. वरच्या मजल्यावर हृदयाचे डॉक्टर, खालच्या मजल्यावर अपघात विभाग, आणि मधल्या खोलीत माणूस बसल्या जागी गेला. यंत्र मात्र चालू होतं.

त्यांच्यात जाळत नाहीत, माती देतात. छबुबाईने, त्याच्या आईने, त्याच घोंगडीत गुंडाळून त्याला पुरलं. जीप मामांनीच नेली होती. भोकाचा कोपरा तिनं तोंडावरून नीट केला, तो त्यांनी पाहिला होता.

त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. आज घेऊ, उद्या घेऊ. आणि नवल म्हणजे, काही अडलं नाही. वर्षभर यंत्र एकदाही थांबलं नाही. रात्री माहितीच्या नकला निघायच्या, साचलेला कचरा साफ व्हायचा. चेअरमन खूश. गेल्या महिन्यात त्यांनी साहेबांना बोलावलं. "राधाकिशन, उद्याच्या बैठकीत मनुष्यबळाचा आकडा द्यायचाय. सर्व्हरला शून्य लिहा. वर्षभर कुणी न्हाई तरी काही बिघडलं का?"

साहेब "बरं" म्हणाले. यंत्राचा मॉडेल नंबर तेवढा टिपायचा राहिला होता. तो टिपायला ते रात्री त्या खोलीकडे गेले. परत येळवस होती.

दाराला त्यांचंच कुलूप होतं. त्यांनी ते काढलं, दार लोटलं.

आधी वास आला. लोकरीचा, धुराचा. शेताच्या कडेला मेंढरं बसलेली असतात तिथं येतो तसा.

मग आवाज. टक... टक टक...

खुर्ची पाठमोरी होती. तिच्यावर काहीतरी काळं. पडद्याचा निळा उजेड त्याच्या कडांवरून येत होता. त्याला खांदे होते.

साहेब हलले नाहीत.

टकटक थांबली.

"आलात का..." आवाज दमलेला होता. नुसता दमलेला. राग नव्हता त्यात. "...बदलीला?"

साहेब एक पाऊल मागे सरले.

खोलीत पंख्यांची घरघर.

मग परत... टक... टक टक...

मामा जीपमध्ये डुलक्या घेत होते. दार उघडलं, साहेब आत बसले. चेहऱ्यावर रक्त म्हणून नव्हतं.

"छबुबाईकडं चल."

"आत्ता? साहेब, येळवसेच्या रातीला..."

"चल म्हणलं ना."

जीप मांजरसुंब्याचा घाट ओलांडून पुढे गेली. चौसाळ्याच्या अलीकडे हायवेपासून आत, एका कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवलेली होती. भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण. आत मेंढरं एकमेकांना चिकटून. बाहेर काठी घेऊन छबुबाई बसलेली.

साहेब तिच्यासमोर खाली मातीत बसले आणि सगळं सांगितलं. फोनचंसुद्धा. "सकाळी बघू" म्हणालो तेसुद्धा.

म्हातारी रडली नाही. ओरडली नाही. मेंढरांवरची नजर न काढता तिनं विचारलं,

"काय म्हणतोय त्यो?"

"बदलीला आलात का, विचारतो."

"मग तुमी काय म्हणलात?"

"काही नाही. तुम्ही चला, बाई."

ती तरीही उठली नाही. बसल्या जागेवरून तिनं हाक दिली, "आसाराम! ए आसाराम!" पलीकडे वाकळेत झोपलेला तिचा दीर उठून आला. त्यानं तिच्या हातातली काठी घेतली. म्हणाला, "मी हाय, वैनी. तू जा."

तेव्हा ती उठली.

साहेब बघत राहिले. मग मामांना ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाले, "त्रिंबक... त्याला कुणी हे म्हणालंच नाही रे."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाच विचारलं, "बाई, एका वाघरीला राखणीला किती माणसं लागतात?"

"तीन तरी. एक जागा. एक निजलेला. एक कुणाच्या मयतीला, लग्नाला गेलेला. दोघांत भागतं, पर मग घरचं कोण मेलं तरी जाता येत न्हाई."

दवाखान्यात आल्यावर साहेब आधी खोलीकडे गेलेच नाहीत. ते वॉर्डावॉर्डांत गेले. सिस्टरांना उठवलं. "प्रत्येक पेशंटचा रक्तगट, औषधं, सगळं कागदावर उतरवा. रक्तपेढीला पण सांगा. सर्व्हर बंद पडणार आहे."

"कोण म्हणालं, सर?" दीपमाला सिस्टरने विचारलं. "वर्षात कधी पडला नाही."

साहेब नुसतं म्हणाले, "लवकर उतरवा."

त्यांना कळत होतं. त्याला जाऊ दिलं तर सकाळी चेअरमन आपल्याला फैलावर घेणार. नाही जाऊ दिलं तर कुणाला काही कळणारही नाही, यंत्र असंच फुकट चालत राहील, वर्षानुवर्षं. आणि तो असाच बसलेला असेल. येळवसेला. दिवाळीला. रोज.

शेवटच्या वॉर्डातून निरोप आला, "झालं सर." तेव्हा ते म्हातारीला घेऊन दारापाशी गेले. मामा मागे उभे राहिले.

दार उघडलं.

टक... टक टक...

छबुबाई चपला काढून आत गेली. खुर्चीच्या मागे उभी राहिली. त्या काळ्या खांद्यावर हात ठेवला.

"बद्री."

टकटक थांबली.

"किती वाळलास रं..."

काही नाही. नुसती घरघर.

"ऊठ लेकरा. मी हाय." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू जा."

खुर्ची करकरली. जडशीळ माणूस उठल्यावर करकरते तशी.

यंत्रावरचे हिरवे दिवे विझू लागले. वरून खाली. एकामागून एक. पंखे मंदावले. थांबले. पडदा काळा झाला.

मग वरच्या मजल्यावरून सिस्टरची हाक आली. मग खालून. सगळीकडचे पडदे गेले होते.

त्या रात्री कोणी दगावलं नाही. कागद हाताशी होते. सकाळी चेअरमननी आरडाओरडा केला, तेव्हा साहेबांनी आकड्याचा कागद पुढे ठेवला. त्यावर तीन लिहिलेलं होतं. "शून्य करायचं असेल तर आजची रात्र तुम्ही त्या खोलीत एकटे बसा," साहेब म्हणाले. "विचारेल तुम्हाला, बदलीला आलात का." तो उठून गेल्याचं त्यांनी सांगितलं नाही. चेअरमननी सही केली. साहेबांनी त्याच दिवशी राजीनामा दिला.

*

शेकोटी खाली बसली होती. मोहिनीने दवाखान्याच्या मधल्या मजल्याकडे पाहिलं. सुकन्या आत होती. एका खिडकीत उजेड होता.

"पाळी बदलताना तिला 'मी हाय, तू जा' म्हणा," मामा म्हणाले. "तोंडानं म्हणा. नुसता हजेरीच्या मशिनीवर थंब करून जाऊ नका."

दोघांनी मान हलवली.

"आन् मामा..." मोहिनीने हळूच विचारलं, "खुर्चीत कुणी नव्हतंच ना?"

मामांनी विझत्या शेकोटीत आणखी एक तुराटी सरकवली.

त्या पहाटे त्यांनीच छबुबाईला परत सोडलं होतं. खुर्चीत घोंगडी होती. घडी न घातलेली, नुकतंच कुणी अंगावरून काढून ठेवावी तशी. काळी. एका कोपऱ्याला ठिणगीचं भोक. म्हातारीनं ते भोक बोटानं चाचपलं, घोंगडी उचलली आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसली. दोन्ही हात तिच्या घड्यांत खुपसून.

घाटात वारं आत घुसायला लागलं. मामांकडची काच अर्धी उघडी होती.

"काच लावून घे रं, त्रिंबक," ती म्हणाली. "ऊब हाय अजून हिला... जाईल."