अर्थिंगचं पाणी

"ताई, त्या तारेला हात लावू नका."

पुष्पावतीचा हात आत्याच्या ओल्या लुगड्यासकट तसाच थांबला. शेजारच्या घराच्या पत्र्यावर एक वायरमन उभा होता. खांद्यावर वायरचं भेंडोळं, कानामागे पेन्सिल, आणि चेहऱ्यावर घाबरगुंडी.

"का? तार तुमची आहे?" तिनं विचारलं.

"माझी न्हाई. पर तुमच्या घरातली उघडी वायर तिला टेकलीय. उतरतो मी... तंवर जरा लांब व्हा."

तो फाटकातून आला आणि कपडे वाळत घालायच्या तारेला त्यानं टेस्टर लावला. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा लाल पेटला. पुष्पावती दोन पावलं मागे सरली, पण भीती कबूल करणाऱ्यांतली ती नव्हती.

"जीव वाचवलात, उपकार झाले. पण ताई कुणाला म्हणालात? मला भाऊ पुरेसे आहेत."

त्याचे कान टेस्टरपेक्षा लाल झाले.

त्याचं नाव कानिफनाथ. गाव तिसगाव, पण कामासाठी श्रीरामपुरात खोली घेऊन राहिलेला. घर होतं पुष्पावतीच्या आत्याचं, केशरबाईंचं. मॅट्रिक झाल्यापासून पुष्पावती तिच्याकडेच राहून शिवणाचा वर्ग चालवत होती. त्या घरात वीज आली ती आत्याचे यजमान होते तेव्हा. लाकडी पट्ट्यांतून नेलेल्या वायरींवरचं कापड आता निम्मं उंदरांच्या पोटात गेलं होतं. फ्यूजमध्ये मात्र यजमानांनी चांगली जाड तार घातली होती, आणि "आमचा फ्यूज कधी जात न्हाई," असं आत्या शेजारणींना तोऱ्यात सांगायची.

"मावशी, फ्यूज जाया पायजे," कानिफनाथ म्हणाला. "तो जळतो म्हणून घर जळत न्हाई."

आत्याला ते पटायला दोन कप चहा लागला. मग घरभर नव्या वायरी घालायचं काम निघालं.

शिडी धरायला अर्थातच पुष्पावती.

"घट्ट धरा."

"धरलीये. पडलात तर बाजूला होईन, एवढंच."

"मग पडायच्या आधी सांगतो तुमाला."

"सांगा की. आत्यालाही बोलावते बघायला."

वर तो हसायचा, खाली ती. जुन्या पट्ट्यांची धूळ तिच्या केसांत पडायची, आणि तो खिशातलं फडकं काढून पुढे करायचा... आणि मळकं आहे हे आठवून पुन्हा खिशात घालायचा. ताई म्हणणं त्यानं त्या पहिल्या दिवसापासूनच सोडलं होतं. दुसरं काय म्हणावं ते सुचलं नव्हतं. हाक मारायची वेळ आली की नुसता खाकरायचा. पुष्पावतीला त्या खाकरण्याची इतकी सवय झाली, की शिवणाच्या वर्गात कुणाला खोकला आला तरी तिची मान दाराकडे वळे.

शेवटी राहिलं अर्थिंग. अंगणात खोल खड्डा खणून त्यानं लोखंडी पत्रा पुरला, त्यावर मिठाचे आणि कोळशाचे थर दिले, आणि पाणी ओतायला त्या पत्र्याला जोडलेला एक लोखंडी पाइप वर काढून ठेवला. वायर कुठं उघडी पडलीच, तर करंट माणसाच्या अंगात न शिरता इथून भुईत जाईल, असं त्यानं समजावलं. मग मान खाली घातली.

"फकस्त एक हाय. भुई वली राह्यली पायजे. उन्हाळाभर रोज थोडं पाणी वतावं लागंल."

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता आणि नळाला दोन दिवसांआड पाणी येत होतं. आत्यानं डोळे वटारले. "मान्सांना प्यायला न्हाई, आन् खड्ड्याला पानी?"

"सांगताना मलाच लाज वाटतीय, मावशी. आमच्याकडं टँकरमागं पळत्यात लोकं. आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडत्यात. पर ह्याला पाणी लागतंच."

"मी घालीन," पुष्पावती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "जेठ लागला की येतो. बल्ब लावून बघू. झगझगीत लागला तर काम पक्कं. मंद लागला तर... परत यावं लागंल."

'परत' हा शब्द त्यानं फार हळू उच्चारला होता. तिनं तो ऐकला, मनात ठेवला, आणि त्याचा अर्थ लावला तो उलटा.

तो सगळा उन्हाळा तिनं आपल्या आंघोळीच्या पाण्यातलं अर्धं त्या पाइपात ओतलं. स्वतः ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. आत्या बोलून थकली. पुष्पावतीचं म्हणणं असं, की त्याचा शब्द आपण पाळला हे त्याला दिव्यातच दिसेल. मग तोंडानं सांगायला नको. शहाणी मुलगी, पण प्रेमात पडली की शहाणपण गहाण पडतं.

जेठात तो सायकलवरून आला. बल्बची एक वायर त्यानं बोर्डाला जोडली, दुसरी पाइपाला. बल्ब असा लागला की भर दुपारी अंगण पिवळं झालं. ती त्याच्याकडे बघत राहिली – आता बोलेल. तो बल्बकडे बघत राहिला.

"पक्कं झालं," तो म्हणाला. "आता माझं काम न्हाई हितं."

"बरं झालं. तुमच्या सायकलीची सुटका झाली."

थट्टाच होती. त्यानं उलट उत्तर द्यावं, म्हणून केलेली. त्यानं गरम बल्ब फडक्यात गुंडाळला, एकदा खाकरला... आणि गेला.

पुढे पाऊस झाला, चांगला झाला. तुळशीची लग्नं लागली आणि कानिफनाथ पत्रिका घेऊन आला. मामाच्या मुलीशी ठरलं होतं. दुष्काळात मामानं त्यांचे बैल सांभाळले. आईनं शब्द दिला होता.

"चांगलं झालं, बाबा," आत्या म्हणाली. "तुझ्या खड्ड्यापायी हिनं उन्हाळाभर धड आंघोळ केली न्हाई बघ. थांब, साखर आनते." आणि ती आत गेली.

त्यानं अंगणातल्या पाइपाकडे पाहिलं.

"तुमच्या वाट्याचं पाणी... तुमी त्यात वतलं?"

"मग काय शेजाऱ्यांचं ओतू?" ठसक्यात बोलायला गेली ती, पण आवाज कापला.

"मी त्या दिवशी ठरवून आल्तो," तो म्हणाला. "तुमी पाणी घातलं न्हाई अन् दिवा मंद लागला, तर समजायचं, मी परत यावं असं तुमाला वाटतंय. मग बोलायचं. पर तो झगझगीत लागला... म्हणलं, ह्यांना आपली ब्याद टळायला हवीय. आईनं इचारलं, तुझ्या मनात कुणी हाय का. काय सांगणार हुतो?"

"मंद कसा लागेल? रोज पाणी घाला, तुम्हीच सांगितलं होतं."

"व्हय," तो म्हणाला. "मीच."

तिला खूप रडू आलं, आणि रडायचा हक्क कुठल्या नात्यानं, ते कळेना. आत्या साखर घेऊन आली. त्यानं ती तोंडात टाकली, सायकल वळवली, फाटकापाशी थांबला. पुष्पावतीनं त्याच्या खाकरण्याची वाट पाहिली.

तो खाकरला नाही.

"येतो, ताई."

भाऊ पुरेसे आहेत, असं या वेळी तिला म्हणता आलं नाही.

"या," ती म्हणाली.