कमानीच्या पेटीतला हात

दिवे गेलेच आहेत, तर बसा, चहा येतोय. माझा धंदा नटबोल्टांचा, शाळा सातवीपर्यंत, पण लोखंडाशी ओळख पक्की. आयटीवाले आले तशी मुळा-मुठेवर पोलादी कमानीचा पूल उभा राहू लागला. घाई अशी, की नदीनंच जरा सरकून घ्यावं!

बोल्ट माझे. एका सकाळी माल कसा बसतोय ते बघायला वर गेलो. कमान म्हणजे पोलादी पेटी, आतून पोकळ. आत माणूस मावत नाही, म्हणून बाजूला हात जाईल एवढं भोक ठेवतात. एकानं त्यातून आतला नट धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून पाना फिरवायचा.

अमरावतीकडचा समाधान आणि त्याचा धाकटा भाऊ योगेश, ही इथली जोडी. आठवड्यापूर्वी योगेशचा तोल गेला. समाधाननं त्याचा हात पकडला होता, पण निसटला. नदीत प्रेतही सापडलं नव्हतं.

त्या सकाळी समाधाननं सवयीनं पाना फिरवला आणि थबकला. आत कुणाचाच हात नव्हता, तरी बोल्ट आवळला गेला.

"संभाजीराव... आत कोन हाये?"

मुकादम संभाजी हसला. "तुझा सासरा. हात घाल नि बघ."

समाधाननं हात घातला. भोकातून गाळाचा कुबट वास आला.

"योग्या... किती थंड पडला रे..."

आणि त्याला हिसका बसला. हात खांद्यापर्यंत आत, गाल पोलादावर. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. आम्ही कमरेला धरून ओढू लागलो.

"सोड त्याला! मरशील!" संभाजी ओरडला.

"एकदा सोडला न... आता नाही सोडत."

पुन्हा हिसका. कान फाटला, खांदा निखळला, भोकाच्या काठावर मांस सोलत गेलं. मग काहीतरी तुटलं आणि आम्ही सगळे मागे कोसळलो. समाधानचा हात कोपरापासून नव्हता.

गॅसनं पेटी कापली. आत ना हात, ना रक्ताचा थेंब.

पुढे मोसंबी घेऊन रुग्णालयात गेलो. भर दुपार होती.

"शेठ," तुटक्या दातांनी तो हसला, "मी नाही सोडला त्याले."

"झोप बाबा," म्हणालो. त्याचा डोळा लागला.

मी उठणार, तोच पट्ट्या बांधलेला तो थोटा हात वर उचलला गेला आणि ताणला गेला. समाधान गाढ झोपेत. लोखंडी पलंग फरशीवर करकरत, हळूहळू, नदीकडच्या खिडकीकडे सरकू लागला...