बिननावाची हाक

माझ्या नवऱ्याचं नाव सावळाराम. घेतलं बघा. आमच्या हिर्डोशीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत; घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणत. लग्नात उखाण्यात घ्यायचं, मग जन्मभर ‘अवं’ नाहीतर ‘ऐकलं का’. मी घेते. गावानं मला नावं ठेवून पाहिली, शेवटी गावच दमलं. का घेते ते सांगते. जरा दिव्याजवळ सरकून बसा.

लढाई संपली, त्याच्या पुढच्या वर्षीचा श्रावण. धुकं असं, की दुपारीच दिवेलागण झाल्यासारखी वाटे. चूल विझली होती, काड्यापेटी सादळलेली. म्हणून मी शेजारच्या साळूबाईकडे विस्तू आणायला निघाले. सावळाराम ओट्यावर बसले होते, वरंधा घाटाकडे तोंड करून.

पलटणीतून येऊन त्यांना थोडेच महिने झाले होते. इटलीत लढले. गावातली माणसं त्यांना मडमांचं नि बंगल्यांचं विचारत. मला ते वेगळंच सांगत. डोंगराच्या कुशीला चिकटलेलं एक लहानसं गाव. दगडाची घरं, छपरंसुद्धा दगडाच्या चिपांची. मधे घंटेचा मनोरा, खाली नदी, वर चेस्टनटच्या झाडांचं रान. त्या फळांचं पीठ करून माणसं भाकरीसारखं काहीतरी भाजून खात. “आपल्यावानीच गरीब,” ते म्हणत. “आपली नाचणी, त्यांची ती फळं. येवढाच फरक.” फळं वाळवायला रानात धुराच्या खोपी असत. पायात गोळी लागून सावळाराम तुकडीपासून तुटले, ते असल्याच एका खोपीत लपले.

खोपीखालच्या घरात एक म्हातारी एकटी राहायची. तिचा पोरगा बर्फाच्या मुलखात लढायला गेला, तो आलाच नव्हता. ती रोज सांजेला दारात उभी राहून हाक मारी, ‘पेत्रोऽऽ’. एके दिवशी तापाच्या ग्लानीत सावळारामांच्या तोंडून ‘ओ’ गेली.

“तिन्हीसांजेला पयल्या हाकंला ओ देऊ नये म्हन्त्यात न्हवं...” ते मला म्हणाले होते. “म्या दिली. ती कंदील घिऊन आली. माझं त्वांड बघितलं. तिला कळलं, ह्यो आपला न्हवं. तरी घरात न्हेलं. जगवलं मला.”

पुढं तुकडी सापडली. त्याच वाटेनं परतताना पाहिलं, तर गावावर तोफगोळे पडून गेलेले. “दार उभं हुतं, ठकू. नुसतं दार. मागं घरच न्हवतं.”

इकडे त्यांची आई ते लढाईवर असतानाच गेली होती. आल्यावर सगळं गाव त्यांना ‘नाईक’ म्हणू लागलं, पलटणीतल्या हुद्द्यानं. मी ‘अवं’. त्यांचं स्वतःचं नाव कुणाच्याच तोंडी उरलं नव्हतं. आणि रोज दिवेलागणीला ते कान देऊन बसत.

साळूबाईनं शेणकुटावर विस्तू दिला आणि डोळे बारीक केले. “नाईक घाटाकडं बघून कुनाशी बोलत्यात गं? तिकडं दुसरी केली का काय?”

“केली आसंल तर तुझ्या घरी पानी भराया धाडीन तिला,” मी म्हणाले आणि निघाले.

घरी आले तर ओटा रिकामा. पलटणीचे बूट दारात नीट काढून ठेवलेले. अंगणात धुराचा वास होता, पण आमच्या शेणकुटाचा नव्हे. गोडसर, फळं भाजावीत तसा. आणि घाटाच्या अंगानं बाईचा थकलेला आवाज... ‘पेत्रोऽऽ...’

तिकडूनच ओ गेली. माझ्या नवऱ्याच्या गळ्यातली.

भातखाचरांच्या पलीकडे आमचा कडा आहे, सरळ तुटलेला. मी बांधावरून धावत सुटले. हातातला विस्तू कधी पाण्यात पडून चरचरला, कळलं नाही. धुक्यात स्वतःचा हात दिसेना. मी ओरडले, “अवं! अवं, ऐका की!”

“ओ.”

पण ती माझ्या पाठीमागून आली. अगदी जवळून. कोवळ्या, कालपरवा फुटलेल्या आवाजात.

मी वळून पाहिलं नाही. मी कुणाला भीत नाही, पण पाहिलं नाही. तेव्हा उमगलं. बिननावाची हाक ही उघड्या दारासारखी असते, कुणीही आत यावं. ती परकी बाई तिकडून नाव घेऊन बोलावत होती आणि मी इकडून नुसतं ‘अवं’! उखाण्यात घेऊन चाललं असतं म्हणाल, पण कड्याच्या तोंडाशी यमक कुणाला जुळतं?

“सावळाराम!” मी ओरडले. “सावळाराम! सावळाराम!”

बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं. मग समोरून, खालच्या पट्टीत... “कोन? आई?”

“आई न्हाई. म्या हाय, ठकू. मागं फिरा.”

ते आले. अनवाणी, थंडगार. मी मनगट धरलं ते घरी येईपर्यंत सोडलं नाही. उंबऱ्यात ते थांबले. “तू आदी ‘अवं’ म्हनालीस तवा ओ कुनी दिली? म्या न्हवती दिली.”

“चला, ज्येवा,” मी म्हणाले.

तेव्हापासून मी त्यांना नावानंच हाक मारू लागले. साळूबाई पाणवठ्यावर म्हणाली, “नवऱ्याला खाशील येक दिस!” म्हटलं, “नाव घेऊनच तर परत आनला.”

पण एके सांजेला तिचा नवरा गेनू आमच्या ओट्यावर बसला होता. साळूबाईनं तिच्या अंगणातून हाक मारली, “अवं, चला की घरी!” गेनूच्या तोंडात तंबाखू. त्यानं तोंड उघडायच्या आत आमच्या गोठ्यातून आवाज आला... “ओ.” गेनू माझ्याकडे बघतच उठला. परत आमच्या ओट्यावर बसला नाही.

मला मात्र त्या पोराची कणव आली. आई घाटात हाका मारत फिरते आणि हा माझ्या चुकीच्या हाकेमागं येऊन म्हशीपाशी बसलेला. त्याचं नाव इथं ठाऊक होतं ते आम्हा दोघांनाच. म्हटलं, नावानं हाक मारावी आणि सांगावं, जा बाबा, तुझी आय वाट बघतीया. दिवस मावळताना गोठ्याच्या दारात उभी राहिले. कोंड्याचा वास, शेणाचा वास. मी हळूच म्हणाले, “पेत्रो...”

गोठ्यात काही हललं नाही. म्हैस रवंथ करत राहिली.

ओ आली ती घरातून. कोवळ्या आवाजात. आणि घरात चुलीपाशी सावळाराम एकटेच बसले होते.

गावाला तोंडावर बोलणारी मी. आत गेले, भाकरी वाढली, समोर बसले. ते जेवले, हात धुतले. मघाशी ओ कुणी दिली, ते एक मात्र मी विचारलं नाही.